पर्सच्या तळाचं पिवळं कार्ड

बोलणं आणि खाणं या दोन गोष्टी मला कधी आवरल्या नाहीत. घुग्घुसला आमच्या गल्लीच्या टोकाला किराणा दुकान होतं. तिथे मला कोथिंबीर आणायला धाडलं की आई निवांत अंघोळ करून घ्यायची, कारण पाऊण तास तरी मी परत येणार नाही हे तिला ठाऊक असायचं. बाबांची खाणीत या हप्त्यात कोणती पाळी आहे, मावशीचं आणि आमचं काऊन बिनसलं, आमच्या कूलरची मोटर कशाने जळली, हे सगळं त्या दुकानदाराला तोंडपाठ होतं. खाण्याचं म्हणाल तर मला वाईट वाटलं की भूक लागते. बारावीला गणितात नापास झाले त्या दिवशी मी सात पोळ्या खाल्ल्या. लोकांचा घास दुःखाने अडकतो, माझा सरसर उतरतो.

अशा पोरीने समाजकार्याची पदवी घ्यावी आणि समुपदेशकाच्या नोकरीला लागावं, हा गमतीचाच प्रकार. पण तसं झालं खरं. सहा-सात वर्षांपूर्वी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी सिकलसेलची समुपदेशक म्हणून रुजू झाले. टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि एक पडदा. पडदा अर्धाच होता, त्यामुळे बाहेरच्यांना आतल्या माणसाचे पाय दिसायचे आणि पायांवरून ते कोण आलंय ते ओळखायचे.

महिन्यातून एकदा चंद्रपूरहून आमच्या वरच्या मॅडम यायच्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुझं तोंड मोठं आहे. असू दे. पण इथे येणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल काही सांगावंसं वाटलं, तर आधी मनात विचारायचं, हे मी कोणासाठी सांगतेय? उत्तर समोरच्यासाठी आलं तर सांग. माझ्यासाठी असं आलं तर पाणी पी."

त्या पहिल्या महिन्यात मी इतकं पाणी प्यायले की दवाखान्याच्या शिपाईभाऊंना माठ दिवसातून दोनदा भरावा लागला.

कारण आमच्याकडच्या खेड्यांत सरळ कामाला हात घालायची रीत नाही. कुणाच्या दारात गेलं की आधी बाजेवर बसवतात, पाण्याचा गडवा देतात, आणि तुम्ही पाणी पीत असतानाच विचारणं सुरू होतं. माहेर कोणतं. लग्न झालं काय. नाई झालं तर काऊन नाई झालं. पगार किती. तुमच्या कुळाचे देव किती. चार, पाच, सहा की सात, हे समजल्याशिवाय तुमच्याशी सोयरीक जमते की भावकी लागते ते त्यांना कसं कळावं? पाणी घेतलं म्हणजे घरचं सांगावं, इतका साधा व्यवहार. आणि मी, जिने हे सगळं न विचारताच सांगितलं असतं, ती मान हलवायची, मंद हसायची आणि म्हणायची, "ते असू द्या बाई, तुमचं सांगा." पाणी मात्र पिऊन टाकायची.

मी सांगत नाही म्हटल्यावर लोकांनी स्वतःच ठरवलं. एका गावात माझा नवरा पोलिसात होता आणि त्याची बदली सिरोंच्याकडे झाली होती. दुसऱ्या गावात मी नवऱ्याला सोडून आले होते. तिसऱ्या गावात मला मूल होत नव्हतं. तिथली एक म्हातारी तर जंगलातून खास माझ्यासाठी कसलीशी मुळी उगाळून घेऊन आली आणि मी ती प्यायले की नाही हे बघायला समोर बसून राहिली. मॅडम भेटीला आल्या तेव्हा समाधानाने म्हणाल्या, "लोकांना तुझ्याबद्दल काही माहीत नाही, हे बरं आहे." मी म्हटलं, "हो मॅडम." माझे दोन नवरे आणि एक मुळी एवढं सोडलं तर खरंच काही माहीत नव्हतं.

कामाचं थोडं सांगते. सिकलसेल हा रक्ताचा आजार, आईबापाकडून येणारा. तपासणी झाली की कार्ड मिळायचं. लाल म्हणजे आजारी. सांधे ठणकतात, रक्त कमी होतं, शाळा बुडते, कधी जीवावर बेततं. पांढरं म्हणजे काहीच नाही. आणि पिवळं म्हणजे वाहक. वाहकाला स्वतःला त्रास होत नाही, पण नवरा-बायको दोघंही पिवळे निघाले तर लेकरू लाल निघू शकतं. म्हणून लग्नाआधी दोघांची कार्डं बघा, हे माझं तुणतुणं.

आता गंमत अशी की आमच्याकडे पिवळं कार्ड म्हटलं की माणसाला राशनचं कार्ड आठवतं. पिवळं राशन कार्ड म्हणजे स्वस्त धान्य. पांढरं म्हणजे काहीच नाही, ते पैसेवाल्यांचं. त्यामुळे शिबिरात कार्डं वाटली की पिवळंवाले खुशीत घरी जायचे आणि पांढरंवाले माझ्या टेबलाशी भांडायला यायचे. "बाजूच्याले पिवळं देल्लं, आमाले काऊन नाई? आमच्याकडे का कार उभी हाये?" मी तासतासभर समजावून सांगायचे की बाई, पांढरं मिळालं म्हणजे तुम्ही नशीबवान. ती ऐकून घ्यायची आणि जाताना म्हणायची, "पुढल्या खेपेले तरी पिवळं द्या."

माझं स्वतःचं कार्ड पिवळं होतं.

कॉलेजच्या शिबिरात मिळालेलं. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "कोणाले सांगू नको. लग्न व्हायचं हाये." तेव्हापासून ते माझ्या पर्सच्या तळाशी, फाटलेल्या अस्तराच्या आत पडून होतं. जगातली एवढी एकच गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते. आणि दवाखान्यात लागले त्याच वर्षी माझं लग्न ठरत होतं. मुलगा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता, ऑफिसच्या कामावर. पाहुणे येऊन गेले, पसंती झाली, साक्षगंधाची तारीख तेवढी निघायची होती. तो रोज सकाळी मोबाइलवर फूल पाठवायचा. कधी गुलाब, कधी जास्वंद, रविवारी अख्खा गुच्छ. मी इतकी हवेत होते की एसटीत बसल्यावर तिकीट काढायला विसरायचे आणि कंडक्टरने विचारलं तर हसायचे. दिवसभर लोकांना सांगायचे, लग्नाआधी कार्डं बघा. संध्याकाळी त्याच्याशी तासभर बोलायचे, पडद्यांच्या रंगापासून आजीच्या दम्यापर्यंत. कार्ड सोडून सगळं.

अशात एका बाजाराच्या दिवशी ती आली. बावीसेक वर्षांची, तेंदूपानाच्या गाठोड्यासारखी घट्ट बांधलेली पोरगी, जंगलातल्या गावची. आश्रमशाळेच्या शिबिरात तिला पिवळं कार्ड मिळालं होतं. राशनच्या घोटाळ्यात ती पडली नव्हती. माझं भाषण तिने नीट ऐकलं होतं, आणि म्हणूनच तिची झोप उडाली होती. आत्याच्या मुलाशी तिचं लग्न लहानपणीच ठरलेलं. त्यांच्यात भावाची मुलगी बहिणीच्या घरात द्यायची, दूध परत करायचं, अशी रीत. धान निघालं की लग्न होतं. आणि नुसती रीतच नव्हती. तिला तो आवडायचा. त्याच्या गावात मोबाइलला रेंज एका मोहाच्या झाडाखालीच यायची आणि तो रोज पाऊण कोस चालत त्या झाडाशी येऊन तिला फोन करायचा, हे सांगताना तिने कार्डाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

त्याची तपासणी झालेली नव्हती. तिने आपलं पिवळं आहे हे त्याला सांगायचं, आणि तू पण तपासून घे म्हणायचं, एवढंच काम. पण आत्याला कळलं तर? दोषाची पोट्टी म्हणून लग्न मोडलं तर आत्याचं आणि बापाचं तोंड फिरणार. आणि तो झाडाखाली येणार नाही.

मी माझं तुणतुणं वाजवलं. तिने ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमाले काय समजते बाई. तुमचं पांढरं असन."

पाण्याची बाटली माझ्यासमोर होती. भरलेली होती. मी ती उचलली नाही. पर्स ओढली, अस्तरात बोटं घातली आणि माझं पिवळं कार्ड तिच्या हातात दिलं.

काय वाटलं म्हणून सांगू. अंगातून वारं गेल्यासारखं झालं. चार वर्षं ते गुपित माझ्या पोटात कोंबडीसारखं फडफडत होतं आणि आता दार उघडलं. मी बोलत सुटले. आईने काय म्हटलं, कार्ड कुठे ठेवलं, रात्री काय काय मनात येतं, सगळं. ती कार्डाची मागची-पुढची बाजू बघत होती. मी दमले तेव्हा तिने ते परत दिलं आणि विचारलं, "मंग तुमच्यावाल्याले सांगतलं?"

"कोण माझावाला?" मी म्हटलं.

"फोन वाजला का तुमचं तोंड कसं होते ते मले दिसते ना बाई."

मी मानेनेच नाही म्हटलं. मग प्रशिक्षणात मला शिकवलेली गोष्ट तिने मलाच केली. मान हलवली, हळूच "हं" म्हटलं आणि विचारलं, "कायचा भेव वाटून राह्यला तुमाले?"

आता सल्ला मागणारी कोण आणि देणारी कोण हे पडद्याखालून पाय बघणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. मी माझा भेव सांगितला. तो शब्दशः तिचाच होता. आम्ही दोघी हसायला लागलो, इतक्या की शिपाईभाऊ डोकावून गेले. शेवटी ती म्हणाली, "असं करू. पुढल्या बाजारापर्यंत तुम्ही सांगा. तुम्ही सांगतलं का मंग मी बी सांगीन." मी हो म्हटलं. उड्या मारतच हो म्हटलं.

रविवारी गडचांदूरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही भेटलो. त्याने समोसा-तर्री मागवली. रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक जात होते आणि टेबलावर धूळ बसत होती. मी त्या धुळीत बोटाने रेघा ओढत सांगून टाकलं. कार्ड दाखवलं. तू एकदा तपासून घे, तुझं पांढरं निघालं तर काहीच प्रश्न नाही, हेही समजावलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीट केलेलं समुपदेशन ते होतं.

तो वाईट माणूस नव्हता. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं. मग म्हणाला, "हे तू आधीच सांगाले पाहिजे होतं." ते खरंच होतं. मी म्हटलं, "तपासून घेशील?" तो म्हणाला, "आईले विचारून सांगतो."

मंगळवारी सकाळी फूल आलं नाही. नऊ वाजता संदेश आला. घरचे नाही म्हणतात, मला माफ कर, तुझ्याबद्दल मनात काही नाही. मी एसटीत होते. त्या दिवशी तिकीट आठवणीने काढलं.

आणि त्याच दिवशी बाजार होता.

ती दुपारी आली, हातात वांग्यांची पिशवी, चेहरा उजळलेला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "सांगतलं काय?"

"सांगितलं."

"मंग? काय म्हणाले?"

आता बघा माझी गत. खरं सांगितलं तर ही घाबरून गावात परत जाईल, तोंड उघडणार नाही, धान निघेल, लग्न होईल आणि दोन-तीन वर्षांनी लाल कार्डाचं लेकरू घेऊन माझ्यासमोर बसेल. खोटं सांगितलं, सगळं छान झालं म्हटलं, तर ही माझ्या भरवशावर उडी मारेल. आणि गप्प बसायचं तर मला आयुष्यात जमलेलं नव्हतं. पोटात सकाळपासून रडं साठलं होतं. हिच्याइतकं ते समजून घेणारं त्या तालुक्यात दुसरं कुणी नव्हतं. हिच्यापुढे भडाभडा बोलले असते तर मला किती बरं वाटलं असतं. मला.

मी बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

मग म्हटलं, "ते माझं आहे. मी बोलायलाच नको होतं, चुकले. तू माझ्यावर ठरवू नको. त्याला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. नाही सांगितलंस तरी माझ्याकडे ये, आपण दुसरा रस्ता शोधू."

एवढ्यात जेवायची वेळ झाली. मी डबा उघडला. तिला अर्धा घे म्हटलं, ती नको म्हणाली. सहा पोळ्या होत्या, वांगं-आलू होतं, वरून आईने भात-वरणही कोंबलेलं होतं. मी जेवले. शेवटी डब्याला लागलेलं वरण बोटाने पुसून घेतलं. ती समोर बसून बघत होती. मग वांग्यांची पिशवी उचलून निघून गेली.

दोन बाजार गेले, ती आली नाही.

त्या दिवसांत मॅडम आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, कार्डापासून बाटलीपर्यंत. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाल्या, "कार्ड दाखवलंस, तिथपर्यंत मी समजू शकते. तिला एकटं वाटत होतं. पण पुढचं? आईचं, रात्रीचं? ते कोणासाठी होतं?"

"माझ्यासाठी."

"आणि ती अट. तिने घातली, बरोबर. पण हो कोण म्हणालं? उद्या तिचं मोडलं तर ती कोणाच्या नावाने रडेल?"

मी खूप शरमले, आणि खोटं कशाला सांगू, त्या शरमेतही मला हलकं वाटत होतं. पर्समध्ये कार्ड आता वरच्या कप्प्यात होतं. लग्न मोडलं होतं, आई बोलत नव्हती, आणि मी एसटीत खिडकीशी बसून गुणगुणत होते. माणसाचं काही खरं नाही.

तिसऱ्या बाजारी पडद्याखालून चार पाय दिसले. ती आली होती आणि तो पण. उंच, लाजाळू, बाह्या दुमडलेल्या. सुई बघून त्याने डोळे मिटले आणि तिने त्याचा हात धरला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी किती जेवले ते विचारू नका. रिपोर्ट उघडला आणि मी खुर्चीतून उठून पंख्याखाली एक गिरकी घेतली. पांढरं.

त्याला कार्ड दिलं आणि समजावलं. तिचं पिवळं, तुझं पांढरं, लेकरू लाल व्हायची भीती नाही, खुशाल लग्न करा. दोघं खुशीत गेले. दोन दिवसांनी त्याची आई, म्हणजे तिची आत्या, तरातरा दवाखान्यात आली. मला वाटलं, पोरीचा दोष कळला, आता ही भांडणार. ती भांडलीच. टेबलावर त्याचं कार्ड आपटून म्हणाली, "सुनेले पिवळं आन् माह्या पोराले पांढरं? त्यानं तुमचं काय बिघडवलं?"

मी तासभर समजावलं. जाताना ती म्हणाली, "बरं. सून तरी पिवळी हाये."

धान निघालं आणि लग्न झालं. मॅडमना विचारून मी गेले. मांडवाबाहेर ढोल घुमत होते, बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून रेला नाचत होत्या. एका म्हातारीने मला ओढून ओळीत घेतलं आणि नाचता नाचताच विचारलं, "लगन झालं काय?" मी म्हटलं, "ठरलं होतं, मोडलं." ती म्हणाली, "मंग पाय बरोबर टाक." मी पाय टाकत राहिले, चुकत राहिले आणि हसत राहिले.

दमून पळसाच्या द्रोणात भात घेऊन बसले तर नवरी हळदीच्या अंगाने माझ्याशेजारी येऊन टेकली. म्हणाली, "तुमच्यावाला गेला, हे मले त्याच दिवशी समजलं होतं."

"कसं?"

"फोन एकदाबी वाजला नाई." मग तिने हळदीचा हात पदराला पुसला. "मी वांगे घेऊन घरी चालली होती. ठरवलं होतं, नाई सांगायचं. मंग आठवलं, तुम्ही डबा कसा खाल्ला. सहाच्या सहा पोळ्या. वरण पुसून खाल्लं. मनलं, ह्या बाईचा माणूस आजच गेला आन् तिच्या घशात घास बी अडकला नाई. मंग आपुन कायले भ्यावं. तिथूनच त्याच्या गावच्या झाडाखाली गेली आन् त्याले सांगतलं."

माझ्या तोंडात घास होता. बारावीच्या सात पोळ्यांची गोष्ट जिभेच्या टोकावर आली होती.

मी गडवा उचलला आणि पाणी प्यायले.